महासाथीतील संसर्ग-नियंत्रण : बालरुग्णालयाचे नियम व त्यांमागील कारणे



वार्षिक अहवालात किती बालके तपासली, किती दाखल झाली, कोणते नवे यंत्र आले, याची माहिती क्रमाने दिली जाते. जो आजार रुग्णालयात आल्यामुळे एखाद्या बालकास जडला असता आणि जडला नाही, त्याची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात होत नाही. कोविड-१९ च्या काळात नातेवाइकांना ज्या नियमांचा सर्वाधिक जाच वाटला, ते याच न दिसणाऱ्या कामाचे नियम होते. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. तरीही 'मुलाजवळ एकच माणूस का?', 'आजोबा इतक्या लांबून आले, त्यांना आत का सोडत नाही?' अशी विचारणा आजही होते, कारण त्यांतील काही नियम आम्ही कायम ठेवले आहेत. ज्यांना नियम पाळावयाचे आहेत आणि ज्यांच्या देणगीतून ते चालतात, अशा दोघांनाही कारणे कळावीत, या हेतूने हा लेख आहे.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. कोणता नियम करावा हे डॉक्टर ठरवितात. तो नियम रात्री दोन वाजताही पाळला जावा यासाठी माणसे, पाणी, साबण आणि पैसा यांची तजवीज करणे हे प्रशासनाचे काम. लेखनही त्याच बाजूने केले आहे.

पुणे जिल्ह्याचा अनुभव

साथीशी पुणे जिल्ह्याचा परिचय जुना आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये घराघरांत शिरून रुग्णांना सक्तीने हलविण्यात आले. रोग आवरण्याचा हेतू असला तरी लोकांना विश्वासात न घेतल्यामुळे संताप उसळला आणि आजारी माणूस लपविण्याकडे कल वाढला. त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या दोन घटनांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कुटुंबाला समजावून न सांगता लादलेला नियम टिकत नाही. आणि शुश्रूषा करणाऱ्याचे रक्षण झाले नाही, तर शुश्रूषाच थांबते.

पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लूची महासाथ आली. या रोगाने भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर मोठी गर्दी झाली. तपासणीसाठी जमलेली गर्दी हीच संसर्गाची जागा होऊ शकते, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. त्यानंतर आपल्या दोन्ही तालुक्यांतही कोविड उपचार केंद्रे उभी करावी लागली.

बालरुग्णालय वेगळे कशासाठी?

मोठ्या माणसास वेगळ्या खोलीत ठेवता येते. मास्क लावावयास सांगता येते. चार दिवस कोणी भेटणार नाही, हे त्यास समजते. दीड वर्षाच्या बालकास यांतील काहीच सांगता येत नाही. पाच वर्षांखालील मुलांना मास्क लावू नये, अशीच सूचना केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये दिली. म्हणजे मोठ्यांच्या रुग्णालयात जे पहिले साधन, ते येथे निम्म्या रुग्णांना लागूच पडत नाही.

दुसरे असे की, मूल एकटे दाखल होत नाही. त्याच्याबरोबर आई असते, पुष्कळदा अंगावर पिणारे धाकटे भावंडही असते. भीमाशंकर, आहुपे, आंबोली किंवा माळशेजच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी कुटुंबास घरी परत जाऊन पुन्हा येणे सोयीचे नसते. मजुरी बुडते आणि एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत. त्यामुळे एक खाट म्हणजे एक रुग्ण असा हिशेब आमच्याकडे चालत नाही. एका खाटेभोवती तीन-चार माणसे धरावी लागतात.

तिसरे म्हणजे लक्षणांचा सारखेपणा. ताप, खोकला आणि जलद श्वास ही कोविडची लक्षणे, तशीच न्यूमोनियाची, दम्याची आणि थंडीत तान्ह्या बाळांना होणाऱ्या श्वासनलिकांच्या दाहाचीही. मुलांमधील कोविड बहुधा सौम्य असे, कित्येकदा लक्षणेही नसत. आयसीएमआरने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत ६ ते ९ वर्षे वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षे वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्या वेळी मुलांना लस मिळू लागलेली नव्हती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता आणि बहुतेकांच्या घरी तो कळलाही नव्हता. यावरून धोरणाचे मूलसूत्र ठरते : प्रत्येक बालक व त्याचा सोबती यांच्याकडून संसर्ग संभवतो, असे गृहीत धरून सर्वांशी सारखीच काळजी घ्यावी. यात कोणावरही संशय नाही आणि कोणाचाही अपमान नाही.

आई ही भेटीस आलेली व्यक्ती नाही

महासाथीच्या आरंभी अनेक ठिकाणी बाधित मातेपासून नवजात बालकास दूर ठेवण्यात येत असे. भीती समजण्याजोगी होती. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने प्रथमपासूनच सांगितले की, मातेने हात धुऊन, मास्क लावून स्तनपान चालू ठेवावे. मार्च २०२१ मध्ये संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कमी वजनाच्या बालकांना मातेच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत, म्हणजेच 'कांगारू मातासेवा', सर्वत्र अमलात आल्यास सुमारे १,२५,००० बालकांचे प्राण वाचू शकतात. त्या मानाने नवजात बालकास कोविडने मृत्यू येण्याचा धोका फारच अल्प होता. त्याच वर्षी भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलो वजनाच्या बालकांना जन्मानंतर लगेच मातेच्या सान्निध्यात ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे त्यात दिसून आले.

म्हणून आमच्या धोरणात आई ही उपचाराचा भाग मानली जाते. बालक व त्याच्याजवळची एक व्यक्ती मिळून एक घटक. दोघांची तपासणी एकत्र, जागा एकत्र, दोघांनाही नियम तेच. आईला मुलापासून तोडावयाचे नाही म्हणूनच इतरांची ये-जा थांबवावी लागते. आई, मावशी, आजी आणि शेजारीण आळीपाळीने बसू लागल्या, तर एका बालकामागे चार घरांचा संपर्क वॉर्डात येतो, आणि परत जाताना वॉर्डातील संसर्ग चार घरांत जातो. घरी सत्तरीचे आजोबा असतात. कोविडचा खरा धोका त्यांना होता. आपल्याकडे आजाऱ्यास भेटावयास जाणे हा आपुलकीचा रिवाज आहे आणि तो चांगलाच आहे. भेटीस येणाऱ्यांनी फोनवरून विचारपूस करावी, डबा प्रवेशद्वारी द्यावा, एवढीच विनंती. सोबतची व्यक्ती बदलणे अपरिहार्य असेल, तर परिचारिकेस सांगून दिवसातून एकदाच बदलावी. अंगावर पिणारे भावंड असल्यास तशी नोंद करून त्यास आईजवळ राहू दिले जाते.

हात, हवा आणि वस्तू

*हात* : रुग्णालयातील सर्वांत स्वस्त औषध म्हणजे साबण. साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझर चोळण्यास २० ते ३० सेकंद द्यावे लागतात. हात मळलेले असल्यास, तसेच जुलाबाच्या मुलाचे लंगोट बदलल्यावर, साबण-पाणीच हवे. उन्हाळ्यात आपल्या तालुक्यांतील कित्येक गावांत टँकर चालू असतात. तेव्हाही हात धुण्याचे पाणी तोडावयाचे नाही, असा दंडक ठेवला आहे.

*हवा* : प्रारंभी सगळा भर पृष्ठभाग पुसण्यावर होता. पुढे हा रोग मुख्यत्वे हवेतून पसरतो हे स्पष्ट झाले आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही वायुवीजनावर भर देणाऱ्या सूचना काढल्या. वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि हवा बाहेर फेकणारे पंखे लावणे, हे त्याचे परवडणारे उपाय. अडचण जानेवारीत येते. जुन्नरच्या थंडीत माता खिडक्या लावून घेतात, आणि त्यांचेही चुकत नाही. अशा वेळी तान्ह्या बाळांच्या खाटा वाऱ्याच्या झोतातून हलविणे, टोपी, मोजे व दुपटे देणे आणि वरच्या झडपा उघड्या ठेवणे, असा मार्ग काढावा लागतो. 'खिडकी का लावू देत नाहीत?' या तक्रारीचे उत्तर हे आहे.

*वस्तू* : दम लागलेल्या मुलास यंत्राने वाफ देताना सूक्ष्म कण हवेत पसरतात, म्हणून जेथे शक्य तेथे पंप व स्पेसर वापरले जातात. कापडी खेळणी काढून धुता येणारी ठेवली आहेत. फरशी व खाटांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे केले जाते. जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या पात्रांत वेगळा होतो. केळ्याची साल पिवळ्या पिशवीत गेली, तर तिचीही विल्हेवाट महागाईने करावी लागते, हे नातेवाइकांनी ध्यानी घ्यावे.

सोडून दिलेले नियम

नियम करणे जितके आवश्यक, तितकेच निरुपयोगी नियम रद्द करणेही. २०२० मध्ये माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे ठिकठिकाणी दिसत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशी फवारणी अपायकारक असल्याचे सांगितले. अशा गोष्टींवर देणगीचा एक रुपयाही खर्च होऊ नये, हे आमचे धोरण आहे. लहान मुलांचे लसीकरण मात्र कोणत्याही साथीत थांबता कामा नये. टाळेबंदीच्या काळात नेहमीच्या लसी अनेक ठिकाणी खंडित झाल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला. गोवर कोविडहूनही वेगाने पसरतो आणि त्याचा घाला बालकांवरच पडतो. म्हणून लसीकरणाचे दार आजारी मुलांच्या दारापासून वेगळे ठेवणे आणि ते उघडे ठेवणे, हा संसर्ग-नियंत्रणाचाच भाग आहे.

खर्चाची बाजू

यंत्रास देणगी देणे सोपे असते. यंत्र दिसते, त्यावर नाव लिहिता येते. साबण, पाणी, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या, पंख्यांची दुरुस्ती यांवर नाव लिहिता येत नाही, आणि हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. यांतील सर्वांत महत्त्वाची बाब तर जमाखर्चात 'वेतन' या सदराखाली लपलेली असते : आजारी कर्मचाऱ्यास पगारी रजा. पगार कापला जाईल या भीतीने ताप अंगावर काढून एखादी आया किंवा सफाई कर्मचारी नवजात कक्षात आली, तर सर्व मास्क व सर्व द्रावणे व्यर्थ होत. रोजंदारीवरील माणसासही ही रजा मिळावी, असा नियम म्हणूनच ठेवला आहे. संरक्षक साहित्याचा खर्च गरीब रुग्णाच्या बिलात लावावयाचा नाही, हाही तसाच नियम. मास्कचे पैसे पडतात म्हणून आई मास्क मागणार नसेल, तर नियमास अर्थ राहत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ २०२० मध्ये सर्वत्र आली. पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही; परंतु प्रत्येक पावसाळ्यात जुलाब आणि प्रत्येक हिवाळ्यात श्वसनाचे आजार येतातच. हात, हवा आणि ये-जा यांचे नियम त्या वेळीही तितकेच कामी येतात.

देणगीदारांस विनंती की, देणगीचा काही भाग कोणत्याही वस्तूशी न बांधता या नित्य खर्चासाठी द्यावा. पालकांस विनंती की, एखादा नियम समजला नाही, तर परिचारिकेस किंवा कार्यालयात अवश्य विचारावे. कारण सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. 

— प्रशासकीय अधिकारी