धावणं थांबलं, चिठ्ठ्या सुरू झाल्या

मे महिन्यात वर्ध्यात पहाटे पहाटे बाहेर पडलात, तर रस्त्याच्या कडेने धापा टाकत पळणारी ताई-दादा मंडळी हमखास दिसतील. पोलीस भरतीची तयारी! मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. ऊन चढायच्या आत ग्राउंड उरकायचं, कारण दुपारी पारा पंचेचाळिशीच्या घरात. मग घरी जाऊन तर्री-पोहे. आपल्याला वाटतं, संपला व्यायाम. मांडीच्या स्नायूंचं काम मात्र आत्ता कुठे सुरू झालेलं असतं!

कसलं काम? शिवणकाम म्हणा ना. टेलरकाकांकडे मापांची जाडजूड वही असते. ती ते कुणाच्या हाती देत नाहीत. हवं तेवढं माप चिठ्ठीवर उतरवतात, चिठ्ठी मागच्या खोलीतल्या कारागिराकडे जाते आणि शर्ट तयार होतो. पेशीत डीएनए ही वही, केंद्रकात जपून ठेवलेली. तिच्यातलं एकेक माप म्हणजे जनुक. माणसात अशी सुमारे 20,000. चिठ्ठी म्हणजे एमआरएनए आणि शिवून आलेला शर्ट म्हणजे प्रथिन. गंमत म्हणजे स्नायूची पेशी इतकी लांब असते, की तिच्यात एक नाही, शेकडो केंद्रकं असतात. जागोजागी वह्या!

आता या दुकानात ऑर्डर कोण देतं? तुमचं धावणं. जीव तोडून पळताना एटीपी हे इंधन झपाट्याने खर्च होतं, कॅल्शियमची ये-जा वाढते. ही खबर केंद्रकापर्यंत पोचली की चिठ्ठ्या सुटू लागतात. त्यात एक बडी चिठ्ठी असते पीजीसी-वन-अल्फाची. तिच्यावरून बनणारं प्रथिन वहीतली आणखी कितीतरी पानं उघडायला लावतं, आणि पेशीत हे इंधन बनवणाऱ्या तंतुकणिका वाढतात. जास्त तंतुकणिका म्हणजे जास्त दम.

मग नुसतं चालून हे होत नाही का? वर्धेकरांनी हा प्रश्न विचारायलाच हवा! 1951 च्या मार्चमध्ये विनोबा भावे आपल्या शेजारच्या पवनारहून पायी निघाले, ते थेट हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला. वय 55. पुढे भूदानासाठी वर्षानुवर्षं चालतच राहिले आणि 1964 साली पवनारला परतले. चालण्यानेही चिठ्ठ्या निघतातच. पण जोर लावला की जास्त निघतात. डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी 2010 साली काही जणांना एकदा हळू आणि एकदा जोरात सायकल मारायला लावली. दोन्ही वेळा खर्च सारखाच, 400 किलोकॅलरी. तीन तासांनी मांडीतून सुईने इवलासा तुकडा काढला (हो, आधी जागा बधिर करून!). हळू सायकलीनंतर पीजीसी-वन-अल्फाच्या चिठ्ठ्या जवळपास चौपट झाल्या होत्या, जोरात मारल्यावर दहापट.

पण चिठ्ठी फार टिकत नाही. त्याच वर्षी कॅनडात झालेल्या प्रयोगात दोन आठवड्यांत सात वेळा दमछाक करणारा व्यायाम करवला. दर वेळी काही तासांत चिठ्ठ्यांचा ढीग, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ढीग गायब! प्रथिन मात्र थोडं थोडं साठत गेलं. परीक्षेसारखं ग्राउंडही आदल्या रात्री जागून जमत नाही, ते यामुळेच.

पळताना स्नायू तापतातही. तेव्हा हीट शॉक प्रथिनांच्या चिठ्ठ्या निघतात. वेडीवाकडी झालेली प्रथिनं सावरणं हे त्यांचं काम. त्यांचा पहिला सुगावा लागला तो माश्यांमुळे. इटलीच्या रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचं तापमान कुणीतरी चुकून वाढवलं, आणि गुणसूत्रांवर, म्हणजे वहीवरच, काही ठिकाणी फुगवटे दिसले: तिथली पानं उघडून चिठ्ठ्या निघत असल्याची खूण. ही गोष्ट 1962 साली छापून आली.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग स्टॉकहोमचा, 2014 चा. 23 जणांनी तीन महिने व्यायाम केला, पण फक्त एका पायाचा! दुसरा पाय आरामात. वहीतला मजकूर दोन्ही पायांत तोच. पण काही पानांना मिथाइल नावाच्या रासायनिक टाचण्या लावलेल्या असतात आणि त्यांच्यावरून कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटून ठेवायचं हे ठरतं. व्यायाम केलेल्या पायात जवळपास 5000 जागी या टाचण्यांत फरक पडला होता. तीन महिने नुसता बसून राहिलेला तो दुसरा पाय नंतर जिन्यावर काय कुरकुरला असेल, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.