भाकरी आपली कशी झाली?

मराठवाड्यातल्या मानवतच्या घरांत भाकरी-ठेचा पिढीजात, पण त्याची वंशावळ काढली तर पंचाईत होते. ज्वारी मूळची आफ्रिकेची, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आलेली. मिरची आणि भुईमूग तर अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या गलबतांनंतरचे. देवगिरीच्या यादवांना मिरचीचा ठेचा ठाऊक असणे शक्यच नाही. म्हणून परंपरा जिन्नसात शोधू नये, करणीत शोधावी. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरी पोळीसारखी लाटायला गेले की फाटते. त्यावरची तोड म्हणजे आधणाचे पाणी: त्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, मग काटवटीत तळहाताने रगडायचे, थापायचे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, म्हणून दळण बेताचेच. परंपरा करणीत असते हे कोरियातही दिसते. तिथल्या किमचीतली लाल मिरचीही अमेरिकेतूनच आलेली; पण युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले ते 'किमजांग', म्हणजे मिळून किमची घालण्याची आणि वाटण्याची रीत.

जिन्नस एवढा दुय्यम असेल तर 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो लोकांना नकोशी का झाली, असे कोणी विचारेल. तीही ज्वारीच होती. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर करणीतच सापडते. मराठवाड्याची काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते, त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पोसते आणि तिचा कडबा गोठ्याला पुरतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच टपोऱ्या, पांढऱ्या दाण्यावर हात बसला, जीभ बसली. दाण्याची पारख हाही स्वयंपाकाचाच भाग असतो, आणि मिलो त्या पारखीत उतरली नाही. त्याच 1972 साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने पुढे काढलेल्या रब्बी वाणाचे नाव 'परभणी मोती' आहे. दाण्याच्या रूपाचे मोल त्या नावातच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. करणीचे कौतुक खाणाऱ्याला सोपे. चुलीची धग आणि मनगटाची कळ बाईच्या वाट्याची. रेशनचा गहू घरात आला आणि पोळी वाढली, यात निव्वळ चवीचा बदल पाहणे म्हणूनच अपुरे आहे. कणीक मळून ठेवता येते. भाकरीचे पीठ मात्र एकेक गोळा घेऊन लगोलग मळावे लागते, म्हणजे थापणारी सगळ्यांची जेवणे होईस्तोवर तव्यापाशीच. हे कसब टिकावे असे वाटणाऱ्या घरांत मुलग्यांना थापायला कितीदा बसवतात?