पत्र्याच्या डब्यातली काळी पोत

नायगावच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली रिकामी करण्याची तारीख ठरली, तेव्हा दारात सर्वांत आधी आला तो भंगारवाला. एकशे साठ चौरस फुटांच्या त्या खोलीत तीन पिढ्यांनी काय काय साठविले होते ते त्या दिवशी कळले. पितळी घागर, मोडका स्टोव्ह, बंद पडलेले भिंतीचे घड्याळ आणि माळ्यावरची गंजलेली लोखंडी ट्रंक. भंगारवाल्याने ट्रंक उचलली, आत काहीतरी खुळखुळले, आणि आईने त्याला थांबविले. तळाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. चार रुपयांच्या पत्र्याबरोबर तोही गेला असता!

डब्यात दोन वस्तू निघाल्या. एक पांढरट धातूचे गोल पदक. एका बाजूला राजाचे तोंड, दुसऱ्या बाजूला दुतोंडी अजगरावर उभा सिंह. दुसरी वस्तू म्हणजे चिंधीत गाठ मारून ठेवलेली काळ्या मण्यांची पोत. सोन्याच्या वाट्या केव्हाच काढलेल्या, नुसते मणी. आमच्या मुलांनी पदकाभोवती गर्दी केली. आईने मात्र पोत हातात घेतली आणि म्हणाली, "ही थोरलीची. नवरा जिता असता तर तिने ही गळ्यातून काढली असती का?"

या 'थोरली'विषयी आमच्या घरात एकच वाक्य प्रचलित होते, "भरल्या घरातून निघून गेली." आमच्या आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले ते परत आले नाहीत. ते ब्रह्मदेशात दुसरी बायको करून राहिले, असे गावात म्हणत. नवऱ्याची वाट न पाहता त्यांची बायको निघून गेली, असे घरात म्हणत. आम्हीही लहानपणापासून तेच ऐकले आणि खरे मानले. तिचे नावसुद्धा कोणी सांगितले नाही. आजी तिला 'जाऊबाई' म्हणे, बाकीचे 'थोरली'. सून म्हणून घरात आली तेव्हा माहेरचे नाव गेले, घरातून गेली तेव्हा सासरचेही गेले.

आम्ही कारकून माणसे. आमची हयात आवक-जावक नोंदवहीत गेली. कुठे तरी नोंद असणारच, असे आम्हांस वाटले. थोरले आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, असे घरात ठाम सांगत. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. आपल्या माणसांची सैन्यभरती ब्रिटिशांनी १८९०च्या सुमारास बंद केली होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे त्याआधीच्या पिढीचे लष्करी गृहस्थ. मधली सारी वर्षे आपले लोक अर्ज-विनंत्या करीत राहिले. त्यामुळे रेजिमेंट उभी राहिली तेव्हा गावोगावची तरणी पोरे उत्साहाने गेली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. असे असता आपला माणूस दुसरीकडे कुठे गेला असेल, हा विचारच आमच्या मनात आला नाही.

आमच्या कन्येने मोबाईलवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचे संकेतस्थळ उघडून दिले. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सुमारे सतरा लाख माणसांची नोंद ही संस्था ठेवते, आणि ती पाहण्यास एक पैसाही पडत नाही. आम्ही महार रेजिमेंटच्या यादीत आजोबांचे नाव शोधले. नाही. आडनावाचे स्पेलिंग पाच प्रकारे घातले. नाही. पलटणीतल्या लेखनिकाने कानाला ऐकू आले तसे लिहिले असणार, हे आम्ही जाणून होतो. जातीचे दाखले काढताना वडिलांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी निघते, हा अनुभव कोणास नाही? नुसत्या वडिलांच्या नावाने पाहिले, गावाच्या नावाने पाहिले. दोन रात्री गेल्या. जगले ते या यादीत नसतात, म्हणजे गावकरी म्हणतात तेच खरे की काय, अशी शंकाही मनात डोकावली.

तिसऱ्या दिवशी कन्येने पदक लिंबू-राखेने घासले. पदकाच्या काठावर बारीक अक्षरे उमटली. भिंगाखाली पाहिले तर एक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पुढे आद्याक्षरे, पण 'महार' शब्द कुठेच नाही. ती आद्याक्षरे इंडियन पायोनियर कोअरची निघाली. म्हणजे हातात बंदूक कमी आणि कुदळ-फावडे जास्त. या दलाने ब्रह्मदेशच्या आघाडीवर रस्ते केले, पूल बांधण्यास हात लावले, विमानांच्या धावपट्ट्या घातल्या, रसद उतरविली. घरच्यांनी ही गोष्ट दडविली असे नाही. पलटण म्हणजे आपली रेजिमेंट, एवढेच त्यांना ठाऊक. पण चिखल तुडवीत रस्ता करणाऱ्याची कीर्ती कोण सांगतो!

क्रमांक घालताच एकच नोंद समोर आली. मृत्यूचे साल १९४४. स्मारक रंगूनचे. रंगूनपासून सुमारे ३५ किलोमीटरवर तौक्यान येथे ही युद्धस्मशानभूमी आहे. ज्यांचे थडगे वा ठिकाण सापडले नाही अशा जवळजवळ सत्तावीस हजार जणांची नावे तेथे दगडी खांबांवर कोरली आहेत. आजोबांचे नाव कोणत्या खांबाच्या कोणत्या बाजूस आहे, तोही आकडा नोंदीत आहे. त्याखाली एक ओळ होती. अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, राहणार अमके गाव, जिल्हा सातारा. गावाचे नाव मोडून-तोडून लिहिलेले, पण आमचेच.

आणि 'अमकीचा पती' या ठिकाणी थोरलीचे नाव होते. आमच्या घरातल्या एकाही कागदावर नसलेले ते नाव परमुलखातल्या एका दप्तराने ऐंशी वर्षे जपले होते. आईने ते दोनदा मोठ्याने वाचावयास लावले.

आता हिशेब पाहा. आजीचे लग्न १९४६ सालचे. आजी आईला सांगे की, "मी नवी नवरी आले तेव्हा जाऊबाई घरातच होत्या, मला भाकरी थापायला त्यांनीच शिकवले." म्हणजे नवरा गेल्यावर थोरली निदान दोन वर्षे या घरात राबली. पोत उतरविली म्हणजे तिला बातमीही कळली होती. मग ब्रह्मदेशातल्या बायकोची गोष्ट आली कुठून? वाट न पाहिल्याचा बोल कोणी लावला?

उत्तर आम्हांस लष्करी दप्तरात नव्हे, महसुली दप्तरात मिळाले. राज्य शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि फेरफार घरबसल्या पाहता येतात. आमच्या गावचे काही कागद तेथे मिळाले, उरलेल्यांसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला. काही कागद मोडीत होते, ते एका मोडी जाणकाराकडून वाचून घेतले. जमीन ती केवढी? हाडोळ्याची, भाऊबंदांत वाटून उरलेले थोडे गुंठे. १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने बंद झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्यास जमीन परत देण्याची तरतूद झाली. आमच्या आजोबांनी रक्कम भरली. कागदावर त्यांचे एकट्याचे नाव लागले. थोरल्या भावाच्या विधवेचा कुठे उल्लेख नाही, हरकत नाही, अंगठा नाही.

वतनाच्या जमिनीत कायद्याने तिचा काय वाटा बसत होता, ही वकिलाची बाब झाली. आम्हांस बोचते ते निराळे. तिला कोणी विचारलेच नाही. 'निघून गेली' म्हटले की विचारण्याची गरज राहत नाही, वारसाच्या यादीतली एक ओळ कमी होते. आजोबा वाईट नव्हते. त्यांनी गिरणीत पाळ्या करून आम्हांस शिकविले, आणि आम्ही बी.कॉम. झालो ते त्यांच्याच कष्टावर. स्त्रियांच्या हक्कांवर आम्ही जयंतीच्या व्यासपीठावरून दरसाल बोलतो. त्याच घरातली ही गोष्ट आहे. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की, "मेलेल्यांची उणीदुणी छापू नका." आई म्हणाली, "तिची उणीदुणी ऐंशी वर्षे काढलीत, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही ती?"

त्या नोंदीचे प्रमाणपत्रही संकेतस्थळावरून मिळते. झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपयांत छापून घेतले आणि नव्या घरात लावले. पुण्यानुमोदनाच्या वेळी भन्तेजींना दोघांची नावे दिली. आजोबांची तारीख सांगता आली, तिची नाही.

तिचे माहेर कोयनेकाठचे, इतके आजीच्या बोलण्यावरून आईला आठवते. कोयना धरणात त्या खोऱ्यातली गावे गेली आणि माणसे रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी पांगली. १९४६नंतर सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून परतलेली, पायोनियर दलातल्या शिपायाची तरुण विधवा, अशी एखादी आत्या, आजी वा मावशी कोणाच्या घरात होऊन गेली असेल, तर कृपया या साप्ताहिकाच्या पत्त्यावर आम्हांस कळवावे. तिने पुढे दुसरे घर केले असेल तरी कळवावे, त्यात लपविण्यासारखे काही नाही. नाव आम्ही येथे मुद्दाम छापलेले नाही. ते तुमच्या पत्रातून यावे, म्हणजे खूण पटेल. पोत आईने धुऊन नव्या कापडात बांधून ठेवली आहे.