मॅच नवा रायपूरला, तयारी बोरसीत

नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना जाहीर झाला की दुर्ग-भिलाईत, बोरसीपासून सुपेल्यापर्यंत, एकच विषय सुरू होतो: आता परदेशी पाहुणे येणार, धंदा होणार. २१ जानेवारी २०२३ ला तिथे भारत-न्यूझीलंड हा पहिला एकदिवसीय सामना झाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला ऑस्ट्रेलिया आली, ३ डिसेंबर २०२५ ला दक्षिण आफ्रिका. त्या सामन्यात ऋतुराज गायकवाडने एकदिवसीय कारकिर्दीतलं पहिलं शतक ठोकलं आणि इकडच्या मराठी घरांत तर सणच झाला. उत्साह खरा आहे, हवाही आहे. पण त्याच्या भरात छोटा दुकानदार पदरचे किंवा उसने पैसे घालतो, ते बऱ्याचदा ऐकीव गोष्टींवर विसंबून. त्या ऐकीव गोष्टी एकदा तपासून घ्यायला हव्यात.

‘आंतरराष्ट्रीय सामना म्हणजे परदेशी प्रेक्षकांची झुंबड’

भारतात क्रिकेटचं स्टेडियम भरतं ते आपल्याच माणसांनी. रायपूरच्या सामन्याला बिलासपूर, नागपूर, गोंदिया, संबलपूरकडचे लोक येतात. परदेशी म्हणून येतात ते संघ, पंच, प्रक्षेपणाची मंडळी, पत्रकार आणि थोडे हौशी चाहते. त्यातले बहुतेक रायपूरच्या मोठ्या हॉटेलांत उतरतात. स्टेडियमपासून साठेक किलोमीटरवरच्या बोरसीत त्यांची रांग लागेल, हे गणित चुकीचं आहे.

याउलट ज्या स्पर्धेची हवा कमी, तिथे परदेशी माणूस जास्त दिवस राहतो. २०१५ साली रायपूरला हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी झाली, २७ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर. आठ संघ, त्यांपैकी सात परदेशी, आणि मुक्काम जवळजवळ दहा दिवसांचा. खेळाडूला सामन्यांच्या मधल्या दिवशी मोकळा वेळ मिळतो. त्याला केस कापायचे असतात, बूट शिवून हवे असतात, घरी न्यायला काहीतरी घ्यायचं असतं. छोट्या व्यावसायिकाचं गिऱ्हाईक ते हेच. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तीही काही दिवस चालली आणि वेगवेगळ्या तालुक्यांतून गेली. अशा स्पर्धांवर लक्ष ठेवणं क्रिकेटच्या एका संध्याकाळपेक्षा शहाणपणाचं.

जगातही आकडे फुगवलेलेच असतात. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत साडेचार लाखांवर पाहुणे येतील असा आधी अंदाज होता. तिथल्या पर्यटन खात्याच्या मोजणीत स्पर्धेसाठी आलेले परदेशी पर्यटक भरले सुमारे ३ लाख १० हजार. तेव्हा सामन्याच्या आशेवर कर्ज काढून दुकान सजवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

मग तयारी करायचीच नाही का? करायची. भिलाईला परदेशी माणूस नवा नाही. २ फेब्रुवारी १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ इथे पोलाद कारखाना उभारायला आले आणि कुटुंबांसह राहिले. ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, मैत्री बागही त्याच भारत-सोव्हिएत मैत्रीची. आता आयआयटी आली आहे, कारखान्यात बाहेरचे तज्ज्ञ येत असतात. परदेशी पाहुणा इथे थोडा येतो, पण वर्षभर येतो. तयारी त्याच्यासाठी करायची, आणि तिचा उपयोग नागपूरहून वंदे भारतने दुर्गला उतरणाऱ्या चाहत्यालाही होतो.

‘तिखट कमी केलं की झालं’

या गैरसमजाने पैसे बुडत नाहीत, पण माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तिखट लागलं तर माणूस पाणी पितो. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याचा मात्र काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. आणि आपल्या मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? साबुदाण्याच्या खिचडीत ते दिसतं तरी, पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, कित्येक घरांत आमटीतही ते मिसळून गेलेलं असतं. विचारलं तर आपण सहज म्हणतो, ‘शेंगदाणे नाहीत, थोडं कूट आहे फक्त.’ अ‍ॅलर्जीवाल्याला थोडंही पुरतं. एकाच कढईतल्या तेलात आधी दाणे तळले असतील, तर तेही सांगायला हवं.

गव्हाचंही तसंच. ग्लुटेन न चालणाऱ्या पाहुण्याला आपण भाकरी देतो आणि निर्धास्त होतो. पण डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते डबीवर लिहिलेलंही असतं. फोडणीतून ते वरणात उतरतं. इथल्या पदार्थांत चीला आणि फरा तांदळाचे, ठेठरी बेसनाची, खुरमीत मात्र गहू. एवढी माहिती बोरसीतल्या कुठल्याही घरगुती खानावळीतल्या वहिनींना पाठ असते. ती भिंतीवर लागलेली नसते, इतकंच.

शिवाय ‘व्हेज’ आणि ‘व्हीगन’ एक नव्हे. व्हीगन माणूस दूध, दही, तूप, ताक, मध यांतलं काहीही घेत नाही. वरण-भातावर प्रेमाने सोडलेली तुपाची धार त्याचं सगळं ताट बाद करते. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे दाणे, दूध, गहू, तीळ, अंडं यांतलं काय आहे हे चित्राने किंवा शब्दाने दाखवणारा एक मोठा तक्ता करावा. लॅमिनेशनसह त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि रंगीत फ्लेक्सपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

‘इंग्रजी येत नाही, मग बोलणार कसं?’

येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांचीही भाषा इंग्रजी नसते. मोबाइलवरचं भाषांतर कामापुरतं पुरतं. खरी अडचण दर लिहिलेला नसण्याची आहे. दर मोठ्या अक्षरांत, परदेशी माणसाला वाचता येतील अशा अंकांत लिहा. पदार्थाचा फोटो लावा. बाकीचं काम हसतमुख चेहरा करतो.

‘क्यूआर आहे, म्हणजे पैसे येणारच’

परदेशी माणसाच्या बँकेचं अ‍ॅप आपला यूपीआय क्यूआर सहसा वाचत नाही. त्याच्यासाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाचं वॉलेट आहे. २०२३ मध्ये जी-२० देशांच्या प्रवाशांपासून ते सुरू झालं, पुढे इतर देशांनाही खुलं झालं. मात्र ते दुकानदाराला पैसे देण्यासाठी आहे, व्यक्तीला पाठवण्यासाठी नाही. पुष्कळ टपऱ्यांवर मालकाच्या किंवा मुलाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर चिकटवलेला असतो. तिथे गाडं अडतं. बँकेकडून किंवा अ‍ॅप कंपनीकडून व्यापारी क्यूआर घेतला की प्रश्न सुटतो. कार्डाचं यंत्र असेल तर त्यावर परदेशी कार्ड चालू आहे का आणि त्याचं शुल्क किती, हे आधीच बँकेत विचारून ठेवा. थोडे सुटे पैसे गल्ल्यात असू द्या.

डॉलर बदलून देण्याचा उद्योग मात्र करू नये. त्याला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. आणि ‘साहेब परदेशी आहेत, दुप्पट सांगा’ हा सल्ला देणाऱ्याला तिथेच थांबवा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं गुन्हा आहे, पाहुणा कुठलाही असो.

‘घरातली खोली आहे, दिली चार दिवस’

परदेशी नागरिकाला पैसे घेऊन ठेवलंत, की तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. लोक याला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, तरी कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्यावरच आहे. पाहुणा आडनावाने जोशी किंवा देशमुख असेल, मराठीत बोलत असेल, पण पासपोर्ट अमेरिकेचा आणि हाती ओसीआय कार्ड असेल, तर कायद्याने तो परदेशीच. हे आपल्याकडे फार विसरलं जातं. पासपोर्ट बघून माहिती लिहून घ्यावी आणि तो लगेच परत द्यावा. अनामत म्हणून तो ठेवून घेण्याचा हक्क कुणालाही नाही.

‘फलकावर स्पर्धेचा लोगो टाकला की गर्दी’

लोगो आयोजकांची नोंदणीकृत मालमत्ता असतो. विनापरवाना वापरला तर नोटीस येऊ शकते. ‘आज मॅच, आज खास थाळी’ असं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि थाळीचा माल भरताना एक आठवण ठेवा. जानेवारी २०२३ च्या सामन्यात न्यूझीलंड १०८ धावांत बाद झाली आणि शंभर षटकांचा खेळ पंचावन्न षटकांच्या आत संपला. डिसेंबर २०२५ चा सामना मात्र शेवटच्या षटकापर्यंत चालला. पहिल्या सामन्यानंतर गर्दी तिन्हीसांजेला परतली, दुसऱ्यानंतर रात्री. म्हणून पीठ, डाळ, तांदूळ आधी भरून ठेवावेत. भाजी चिरायची आणि कणीक मळायची ती धावफलक बघून.