अंजिराचे पोटीस

केनवडला आमच्या घरी बायबल एका पत्र्याच्या पेटीत असायचे आणि त्याच पेटीत थोरल्या बहिणीच्या फिटच्या गोळ्या. घरात उंदरांच्या तावडीतून सुटलेली तेवढी एकच जागा होती, म्हणून दोन्ही तिथे. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरे मोजकीच, पण वाशिमची आठवण सगळ्यांना होती. तिथे १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या मिशनरी बाईंनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले, आणि तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसांना प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली पाहायची सवय लागली होती.

ही सवय मोडायला एक प्रचारक आला. साल १९८६. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशिम जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे होती. सोंगणी आटोपली होती, लोकांच्या हातात थोडा पैसा होता. मोकळ्या रानात मांडव पडला, भोंगे लागले, तीन रात्री सभा झाल्या. माणूस बोलायला फर्डा. गाणी अशी की हिंदू शेजारीही येऊन बसत. तिसऱ्या रात्री त्याने माझ्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती बरी झाल्याचे जाहीर केले. खाली उतरल्यावर वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, आता गोळी दिलीत तर तो अविश्वास ठरेल. आजार परत आला तर दोष तुमच्या विश्वासाचा.

या वाक्याची कारागिरी मला फार उशिरा कळली. बरे झाले तर श्रेय त्याचे, नाही झाले तर अपराध आमचा. हरण्याची सोयच नाही.

वडील भोळे नव्हते, पण सहा वर्षे लेकीचे झटके पाहून थकले होते. त्यांनी गोळ्या बंद केल्या. आई गप्प राहिली. तिला पटले नव्हते, पण बोलायला शब्द सापडत नव्हते. फिटची औषधे एकाएकी थांबवली की झटके पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकतात, हे डॉक्टरांनी बजावले होते. नवव्या दिवशी बहीण चुलीपुढे भाकरी थापत होती. आईला शेणाची पाटी टाकून धावत यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात उजवा हात भाजून निघाला. तिची दोन बोटे आजही पुरती उघडत नाहीत.

इथे आईने मंडळी सोडली असती, देवाला बोल लावला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. तिने पेटी उघडली आणि दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. गोळी बहिणीला दिली आणि बायबल घेऊन उंबऱ्यात बसली. चौथी शिकलेली बाई, ओळीखाली बोट धरून वाचायची. पुढच्या महिन्यात तो प्रचारक शेजारच्या गावी आल्याचे कळले, तेव्हा ती मला घेऊन चालत गेली. सभा संपल्यावर पुढे होऊन म्हणाली, "भाऊ, एक इचारू काय? हिज्कीया राजा मरणाले टेकला होता, त्यानं प्रार्थना केली, देवानं ऐकली. मंग यशयानं त्याच्या गळवाले अंजिराचं पोटीस बांधाले कायले सांगतलं?"

प्रचारक हसला. मग म्हणाला, बाई, प्रश्न विचारणे हे सैतानाचे काम.

आई काही न बोलता परतली. अर्ध्या वाटेवर माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "याकोबाच्या पत्रात ज्ञानाची पारख देली हाय. वरून आलेलं ज्ञान दुसऱ्याचं ऐकून घेते. यानं आयकलं नाई."

मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वरून आलेल्या ज्ञानाची लक्षणे मोजली आहेत: ते शुद्ध असते, शांतताप्रिय असते, सौम्य असते, समजूत पटवून घेणारे असते, त्यात ढोंग नसते. मी ती यादी पाठ केली होती, रविवारच्या शाळेत त्याबद्दल एक पेन्सिलही मिळवली होती. ती यादी घेऊन माणसे तपासायची असतात, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. ख्रिस्ती घरांत आपण पोरांना वाईट संगत, दारू, सिनेमा यांपासून जपतो. पण बाहेरून येणारे वाईट ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. बायबल हातात धरून येते ते ओळखायला लागते. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांचे कौतुक आहे ते यासाठीच: खुद्द पौलाचे बोलणेही त्यांनी रोज शास्त्र उघडून ताडून पाहिले, आणि पौलाला त्याचा राग आला असे कुठे लिहिलेले नाही.

पुढे नागपूरला शिकताना एक जाड इंग्रजी पुस्तक हाती आले, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापलेला पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार. वाचताना मला सारखी आई दिसत होती. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला त्यांतल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा अशी की आता बाईंनी चर्चचे सांगणे निमूट मान्य करावे. बाई विचारत राहिल्या. हे मत बायबलात कुठे आहे? क्रूसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत? त्या अंडेसुद्धा खात नसत, त्यावरूनही कुरबुर झाली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना संस्कृत शिकवावे की नाही, यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नकार कळवला, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. जेराल्डीनबाईंना हा सगळा गर्व वाटला. एका विधवेला, परक्या मुलखात, कडेवर लहान मूल असताना, जेवू घालणाऱ्यांशी असे भांडणे सोपे नव्हते. आणि जेराल्डीन काही वाईट बाई नव्हत्या. त्यांची माया खरी होती, म्हणून तर ते अधिक अवघड.

मला त्याहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंनी स्वतःलाच तपासले, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे उघड कबूल केले. त्यानंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल साध्या मराठीत उतरवले. ५ एप्रिल १९२२ ला वारल्या तोवर ते काम हातात होते. बाई मुळापर्यंत जाऊन स्वतः वाचणाऱ्या. केडगावच्या अडाणी बाईलाही ते वाचता यावे म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेवली.

आता मांडव लागत नसला तरी प्रचारक मोबाईलमध्ये असतो. परवा भाचीने मला एक चित्रफीत पाठवली: स्क्रीनवर हात ठेवा, मधुमेह जाईल. कायदे आहेत. फेफऱ्यासारख्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. पण आमच्या घरात तक्रार कोणी केली नसती. ज्याच्या तोंडी देवाचे नाव आहे त्याच्याविरुद्ध पोलिसांत जायचे, हे वडिलांना मरणापर्यंत जमले नसते. त्यांनी हाताबद्दल स्वतःला माफ केले नाही आणि प्रचारकाबद्दल कधी बोललेही नाहीत.

भाचीला मी उत्तर काय पाठवावे याचा विचार करत होतो, तेवढ्यात तिच्याच आईचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. मी चित्रफितीचे सांगितले. ती म्हणाली, "तिले म्हणा, हिज्कीयाचं वाच."

आई गेल्यावर ती पेटी तिच्याकडे आहे. रात्री ती प्रार्थना करते आणि मग गोळी घेते. दोन बोटे उघडत नसल्याने झाकण तिला डाव्या हाताने काढावे लागते. कधी झोप अनावर झाली तर आधी गोळी घेते, मग प्रार्थना.