तिऱ्हाईताचा हक्क

रस्त्यावर अपघात झाला की पाच मिनिटांत तिथे एक न्यायालय भरते. साक्षीदार कमी आणि न्यायाधीश जास्त, असे हे न्यायालय. दोन मोटारी एकमेकींवर आदळल्या असतील तर खटला तासभर चालतो, कारण दोघांकडे कागदपत्रे असतात आणि दोघांचा आवाजही चढा असतो. पण एका बाजूला मोटार आणि दुसऱ्या बाजूला सायकल असली, तर निकाल फार लवकर लागतो. सायकलवाल्याला उठवून कडेला बसवतात, पाणी पाजतात, त्याचे हातपाय हलतात का ते बघतात आणि मग कुणी तरी वडीलकीच्या सुरात म्हणते, "हाडबीड मोडलं नाही ना? मग हजार-पाचशे घ्या आणि मिटवून टाका."

बहुतेक वेळा सायकलवालाही मान डोलावतो. त्याला कामावर वेळेत पोहोचायचे असते. शिवाय त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते. आपल्या वाहनाला नंबर नाही, चालवायला लायसन नाही, त्याचा विमा नाही. मग आपण कुठल्या तोंडाने भरपाई मागायची? एके काळी कित्येक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा पितळी बिल्ला देत. तो बिल्ला गेला आणि सायकलवाल्याचा रस्त्यावरचा उरलासुरला मानही त्याच्याबरोबर गेला असे कधी कधी वाटते.

कायद्याचे म्हणणे मात्र नेमके उलटे आहे. ते मला कळले ते आमच्या भावोजींमुळे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दापोडीला राहतात आणि भोसरीच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करीत. येणेजाणे सायकलने. जून २०२२ मध्ये पहिल्या पाळीला निघालेले असताना कासारवाडीजवळ मागून आलेल्या मोटारीने त्यांना उडवले. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. मोटारवाला थांबला, पण जरा पुढे जाऊन, आणि निघण्याच्या बेतात दिसला. एका रिक्षावाल्याने मोटारीचा नंबर बॉलपेनने आपल्या तळहातावर लिहून घेतला आणि भावोजींना रिक्षात घालून इस्पितळात आणले. या एका तळहाताने पुढे किती काम केले हे सांगून खरे वाटणार नाही. असा मदतीला धावणारा माणूस पोलिसांच्या लचांडात सापडू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याचीदेखील सक्ती करता येत नाही. त्या रिक्षावाल्याने आपणहून सांगितले, ही त्याची भलाई.

दुसऱ्या दिवशी मोटारवाल्याचे मेव्हणे इस्पितळात आले. बोलणे अगदी अदबीचे. "वहिनी, चूक कुणाची हे बघत बसलो तर दोघांनाही त्रास. दहा हजार आहेत, ठेवा. इथे फक्त सही करा." कागदावर 'राजीखुशीने मिटले, काही तक्रार नाही' असा मजकूर होता. ताई एवढेच म्हणाली, "आधी ह्यांना शुद्धीवर नीट येऊ देत, मग बघू." पाकीट परत गेले.

मला आजही त्या गृहस्थांचा राग येत नाही. कारण भरपाई आपल्या पाहुण्यांच्या खिशातून जाणार या भीतीने ते आले होते, आणि ती भीतीच मुळात चुकीची होती. विम्याच्या करारात मोटारीचा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि रस्त्यावरचा जो कुणी त्या मोटारीखाली सापडेल तो तिसरा. म्हणजे आपल्या भाषेत तिऱ्हाईत. 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा केला तो या तिऱ्हाईतासाठी. आपल्या देशात ही सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे. मोटारवाला दरवर्षी कुरकुरत जो हप्ता भरतो तो भावोजींसारख्या माणसाच्या नावाने भरलेला असतो, आणि मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या बाबतीत कंपनीची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच, अशी मर्यादाही तिऱ्हाईताच्या आड येत नाही. स्वतःच्या सायकलचा विमा नसणे याचा इथे काही संबंधच नाही. शिवाय अपघाताची खबर पोलिसांना आणि विमा कंपनीला देणे हे चालकाचेच कर्तव्य आहे. पाकीट घेऊन परस्पर मिटवणारा मोटारवाला स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो.

पोलिसांकडे फिर्याद नोंदली गेली, घटनास्थळाचा पंचनामा झाला. पंचनामा हा कागद आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. पण या प्रकरणात सायकल रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला पडलेली होती, मोटारीचा डावा दिवा फुटलेला होता आणि ब्रेकच्या खुणा सायकलच्या पुढे उमटल्या होत्या, या तीन ओळी त्यात होत्या. विमा कंपनीच्या वकिलांनी पुढे उलटतपासणीत भावोजींना विचारले, की तुम्ही हात न दाखवता उजवीकडे वळलात ना? खरोखरच वळले असते तर सायकलस्वाराचाही काही अंशी दोष धरून तेवढ्या हिश्शाने भरपाई कमी झाली असती. उलट दिशेने येणारा, अंधारात दिव्याविना जाणारा सायकलस्वार याच कात्रीत सापडतो. पंचनाम्यातल्या तीन ओळींनी तो प्रश्न तिथेच संपवला.

नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तरीही इस्पितळाची केस पेपरची नक्कल, औषधांची बिले, फिर्यादीची प्रत, मोटारीच्या विम्याचा तपशील हे सगळे आपल्या घरी एका पिशवीत असलेले बरे. ताईने ती कापडी पिशवी देवघराच्या फळीवर ठेवली होती. हलणार नाही अशी घरात तेवढी एकच जागा!

मुदतीविषयी मला जरा तक्रार करायची आहे. १९९४ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांची मुदत पार काढून टाकली होती, ती १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली. अपघातापासून सहा महिने. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण तिऱ्हाईताने तिच्या भरवशावर राहू नये. ज्याचा पाय सहा महिने प्लास्टरमध्ये आहे त्याने त्याच सहा महिन्यांत कोर्टाची पायरी चढावी, ही अपेक्षा ज्यांनी केली त्यांच्या घरी कुणी कधी अंथरुणाला खिळले नसावे.

दावा चालला तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात. अपघात कुठेही होवो, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो, ही परगावच्या लोकांसाठी मोठी सोय आहे. चालकावरचा फौजदारी खटला निराळा. त्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे 'असे घडले असण्याचा संभव अधिक' एवढे दाखवले तरी पुरते. म्हणून फौजदारीत चालक सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

चूक कुणाची हे सिद्धच न करता मिळणारी एक वाटही कायद्यात आहे. कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. मात्र ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा तिथेच संपतो. आमच्या वकीलबाईंनी हे आधीच समजावून सांगितले आणि ताईने थांबायचे ठरवले. घरात पगार येत नसताना अडीच लाखांवर पाणी सोडणे सोपे नव्हते. त्या वर्षी ताईने दोन घरचे डबे करायला घेतले.

आता आकड्यांकडे येते, कारण खरी गंमत आणि खरी झुंज तिथेच आहे. माणसाच्या गुडघ्याची किंमत कशी करतात? सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. पंचविशीच्या आतल्या तरुणाला १८, एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला १४, साठीच्या पुढे ७, असे ते उतरत जातात. त्यात २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातल्या वाढीची भर घातली. कायमची नोकरी नसलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाला ती २५ टक्के.

भावोजी चव्वेचाळीस वर्षांचे. मजुरी महिना १८ हजार, पण हातात रोख, पावती नाही. कारखान्याचे मालक साक्षीला यायला तयार होईनात, कारण त्यांचीच वही उघडी पडली असती. अखेर ताईची किराणा-दुधाची हिशेबवही, बँकेचे पासबुक आणि एका जुन्या सहकाऱ्याची साक्ष यांवरून न्यायाधिकरणाने १५ हजार धरले. वर्षाचे १ लाख ८० हजार, २५ टक्के भर घालून सव्वादोन लाख, गुणिले १४ म्हणजे साडेएकतीस लाख. आता यातले गेले किती? सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यात पायाचे अपंगत्व २२ टक्के होते, आणि विमा कंपनी त्या २२ ला घट्ट धरून बसली. इथे २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल कामी आला. शरीर किती टक्के निकामी झाले यापेक्षा त्या माणसाची कमावण्याची शक्ती किती गेली ते पाहा, असे तो सांगतो. बैठे काम करणाऱ्या कारकुनाचा गुडघा आणि आठ तास लेथसमोर उभे राहणाऱ्याचा गुडघा यांत फरक आहे. न्यायाधिकरणाने ४० टक्के धरले. झाले १२ लाख ६० हजार. त्यात इस्पितळाचे २ लाख ८६ हजार, सात महिन्यांची बुडालेली मजुरी १ लाख ५ हजार, सोबत-प्रवास-आहाराचे ६० हजार, वेदना आणि आयुष्यातल्या उणिवेपोटी दीड लाख. एकूण १८ लाख ६१ हजार, आणि अर्ज केल्या दिवसापासून व्याज.

या हिशेबाच्या वेळी ताई मला हळूच म्हणाली, "ह्यांच्या जागी मी असते तर किती धरले असते गं? मला कुठे पगार आहे!" प्रश्न बरोबर होता. २००१ मध्ये, जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणात, न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३ हजार धरली होती आणि तेव्हा ते मोठे पाऊल वाटले होते. जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की गृहिणीचे उत्पन्न काल्पनिक धरले तरी तिलाही भविष्यातल्या वाढीचा लाभ द्यावा. घरकामाला मोल आहे हे सांगायला अपघात व्हावा लागतो, याचे मात्र नवल वाटते.

इस्पितळाच्या आवारात घुटमळणाऱ्या मध्यस्थांविषयी दोन शब्द. "रकमेतले वीस टक्के आमचे, आधी काही देऊ नका," असे दोघांनी ताईला सुचवले होते. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलांच्या आचारसंहितेला मान्य नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. लोकअदालतीत कंपनी तडजोडीचा आकडा ठेवते. आम्हाला ९ लाख सांगितले होते. तिथे सही केली की अपील नाही, हे लक्षात ठेवून हो किंवा नाही म्हणावे. घाई असलेल्याने हो म्हटले तर त्याला दोष देता येत नाही.

आणि मोटारवाला पळूनच गेला, नंबर कुणाच्या तळहातावर उतरलाच नाही तर? पूर्वी मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार मिळत. २०२२ च्या योजनेने ते २ लाख आणि ५० हजार केले. त्यासाठीही पोलिसांत नोंद हवीच. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत रोकडरहित उपचाराची केंद्राची योजनाही आली आहे. भावोजींच्या वेळी ती असती तर ताईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या नसत्या.

निकाल २०२५ च्या मार्चमध्ये लागला. कंपनीने अपील केले नाही. निम्मी रक्कम न्यायाधिकरणाच्या आदेशाने मुदत ठेवीत आहे, उरलेल्यातून ताईने पतपेढीचे कर्ज फेडले आणि पाटल्या सोडवून आणल्या. भावोजी आता त्याच कारखान्यात बसून तयार माल तपासतात, हातात व्हर्नियर घेऊन, दिवसाला पूर्वीपेक्षा दोनशे रुपये कमी. मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडलेली सायकल परत मिळाली आहे. पुढचे चाक आणि चिमटा बदलायला चौदाशे रुपये पडतील असे सायकल दुरुस्तीवाला म्हणाला. भावोजी बाराशेवर अडून आहेत.