पाणी स्वच्छ झालं, क्रोमियम मात्र तिथंच होतं

पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि विषय ठरायचा असेल, तर ‘शेतातल्या काडीकचऱ्याने पाण्यातले जड धातू काढणे’ हा विषय कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. विषय चांगलाच आहे. कच्चा माल फुकट, उपकरणं साधी, आकडेही लवकर हाती येतात. पण इथे फसायलाही फार वेळ लागत नाही. मी फसले होते, म्हणून आधी तेच सांगते.

माझा धातू हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या सांडपाण्यात हे सापडतं, ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यात सापडतं, आणि तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगातून ते भूजलात उतरलं आहे. ते कर्करोगकारक आहे. माझा कचरा म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. शेंगा फोडायच्या मशीनवरून पोतंभर फुकट मिळाली. (उसाचं चिपाड का नाही? कारण ते आता कचरा राहिलेलंच नाही, साखर कारखाने ते बॉयलरला जाळून वीज करतात. कागदावरचा ‘कचरा’ गावात खरंच कचरा आहे का, हे आधी बघा.)

टरफलात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. त्यांच्यावरचे हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल, फिनॉलिक गट धातूच्या आयनांना धरून ठेवतात. हेच अधिशोषण. स्पंजासारखं पाणी आत ओढणं वेगळं. इथे आयन पृष्ठभागाला चिकटतात. शिसं, कॅडमियम हे धन आयन. पीएच फार कमी असेल तर हायड्रोजन आयनच सगळ्या जागा अडवून बसतात, आणि फार वाढवला तर धातूचं हायड्रॉक्साइड साका होऊन तळाशी बसतं आणि आपल्याला वाटतं की टरफलानेच कमाल केली. म्हणून टरफल न घातलेला ब्लँक प्रत्येक पीएचला ठेवायचाच.

क्रोमियमचं उलट आहे. ते पाण्यात क्रोमेटच्या रूपात, म्हणजे ऋण आयन म्हणून असतं. आम्लात टरफलाचा पृष्ठभाग धनभारित होतो आणि त्याला ओढून घेतो. म्हणून बहुतेक पेपरांत ‘उत्तम पीएच २’ असं लिहिलेलं असतं. मीही तेच केलं. लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियमचं १०० मिलिलिटर द्रावण, पीएच २, त्यात अर्धा ग्रॅम टरफलाची पूड, आणि फ्लास्क शेकरवर. दुसऱ्या दिवशी पिवळंधमक पाणी नितळ झालेलं! डायफिनाइल कार्बाझाइड घालून ५४० नॅनोमीटरला वाचलं, तर शिल्लक १ मिलिग्रॅम. म्हणजे ९८ टक्के. ग्रॅमला ९.८ मिलिग्रॅम क्षमता. मी लगेच आलेख काढून मॅडमना दाखवायला गेले.

त्यांनी आलेखाकडे बघितलंही नाही. “अगं, टोटल क्रोमियम किती आलं?”

ते मी मोजलंच नव्हतं. डायफिनाइल कार्बाझाइड फक्त हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला रंग देतं, ट्रायव्हॅलंट त्याला दिसत नाही. तेच नमुने एएएसवर लावले तेव्हा पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅम क्रोमियम निघालं. हिशेब बघा: खरोखर काढलं गेलं १९, म्हणजे ३८ टक्के, आणि क्षमता ९.८ नव्हे तर ३.८. बाकीच्याने नुसतं रूप बदललं होतं. आम्लात टरफलाच्या सेंद्रिय द्रव्याने क्रोमियमला इलेक्ट्रॉन दिले आणि त्याचं क्षपण झालं. एवढ्या विरळ द्रावणात ट्रायव्हॅलंटचा रंग डोळ्याला जाणवत नाही, म्हणून पाणी नितळ दिसलं.

वाईट याचं वाटलं की खूण माझ्याच वहीत होती. पीएच २.० वरून २.३ झाला होता. या क्षपणात हायड्रोजन आयन खर्च होतात, त्यामुळे पीएच चढतो. मी तो आकडा लिहिला आणि पुढे गेले. चार महिन्यांचे प्रयोग पुन्हा करावे लागले.

हे काही माझं संशोधन नव्हे. कोरियातले डोंगही पार्क आणि सहकाऱ्यांनी एक्लोनिया या तपकिरी समुद्रशैवालावर वीसेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ‘निघून जाण्या’मागे मुख्यतः क्षपण असतं. मी ते वाचलंही होतं, पण ते शैवालाबद्दल आहे असं धरून बाजूला ठेवलं होतं.

“पण ट्रायव्हॅलंट कमी विषारी, मग बिघडलं कुठं?” असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, एकूण क्रोमियमला लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच मर्यादा देतं. माझं ‘स्वच्छ’ पाणी तिच्या ६२० पट होतं. शिवाय मातीतले मँगनीजचे ऑक्साइड ट्रायव्हॅलंटला परत हेक्झाव्हॅलंट करू शकतात. आणि ९८ टक्के खरे असते, तरी उरलेला १ मिलिग्रॅम हाही मर्यादेच्या वीस पटच! टक्केवारी वाचताना उरलं किती ते आधी बघा.

आलेखांबद्दलही थोडं बोलते. लँगम्यूर (१९१८) बसला म्हणून एकपदरी अधिशोषण सिद्ध होत नाही. स्यूडो सेकंड ऑर्डरचा सरळ रेषेचा आलेख तर जवळजवळ नेहमीच ०.९९ देतो, कारण काळ दोन्ही अक्षांवर असतो. त्यावरून ‘रासायनिक अधिशोषण’ असा निष्कर्ष काढलेला दिसला की मी पेपर सावधपणे वाचते.

आता मी दोन टप्प्यांत काम करते. आधी पीएच २ ला पूर्ण क्षपण होऊ देते. मग पीएच हळूहळू ५ च्या आसपास आणून ट्रायव्हॅलंटला, जे आता धन आयन आहे, ताज्या टरफलावर पकडते. दर वेळी दोन्ही मोजमापं घेते, ब्लँकसकट. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हे नीट चालतं. खऱ्या प्लेटिंगच्या पाण्यात निकेल, जस्तही जागेसाठी भांडायला येतात, ते काम सध्या सुरू आहे.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही: क्रोमियम भरलेल्या टरफलांचं काय करायचं? शेतात टाकता येत नाहीत, जाळली तर राखेत पुन्हा हेक्झाव्हॅलंट तयार होऊ शकतं. आम्लाने धुऊन धातू परत मिळवून बघतेय. तोवर ती तारीख लिहिलेल्या पिशव्यांत, घातक कचऱ्याच्या डब्यात साठवलेली आहेत.